भिंतीवरची बोटं

सकाळी साडेसहाच्या सुमारास मातीच्या भिंतीवर ऊन तिरपं पडतं. पंधरा-वीस मिनिटांचाच तो वेळ. एरवी सपाट दिसणारी भिंत तेवढ्यात नांगरलेल्या शेतासारखी उमटून येते. लिंपणारीची चार बोटं कुठून कुठे फिरली, तळवा कुठे टेकला, ओल्या मातीचा नवा गोळा कुठे लागला, सगळं दिसतं. ऊन थोडं वर चढलं की रेघा मिटतात. वर्धा जिल्ह्यातल्या गल्ल्यांतून कॅमेरा घेऊन चालायला लागल्याला मला आता वीस वर्षं होऊन गेली. या वीस वर्षांत जुन्या घरांविषयी मला जे कळलं, त्यातलं बरंचसं या तिरप्या उजेडानं शिकवलं.

माझा धंदा फोटो स्टुडिओचा. पासपोर्ट फोटो, शाळेची ओळखपत्रं, स्थळाला पाठवायचे मुलामुलींचे फोटो आणि उन्हाळ्यात लग्नं. वर्ध्याच्या बाजारातल्या माझ्या दुकानासमोर एक दुमजली घर होतं. खाली दुकानं, वर सागवानी सज्जा, सज्जाला कातीव लाकडाची झालर. काउंटरवर बसल्या बसल्या मी ते अकरा वर्षं पाहत होतो. एका उन्हाळ्यात वाटण्या झाल्या आणि घर पाडायला काढलं. दोन दिवसांत सज्जा खाली आला, लाकूड ट्रकमध्ये भरलं गेलं. आठवड्यानं घरातले वडीलधारे गृहस्थ दुकानात आले. म्हणाले, “तुमी तर समोरच बसता. आमच्या घराचा एखादा फोटो असनच तुमच्याजवळ.”

तीन रात्री मी नेगेटिव्हची पाकिटं उपसत होतो. हजारो चेहरे सापडले. घर सापडलं नाही. शेवटी एका वरातीच्या फोटोत, घोड्यावर बसलेल्या नवरदेवाच्या फेट्यामागे अर्धा सज्जा दिसला. तेवढा भाग मोठा करून मी त्यांना दिला. फेट्याचा तुरा काही केल्या काढता येत नव्हता. त्यांनी तो तुऱ्यासकट फ्रेम करून नव्या फ्लॅटच्या बैठकीत लावला. नवरदेव कोणाचा कोण, हे त्यांच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या फोटोकडे पाहताना मला फार लाज वाटली. रोज डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीकडे मी कॅमेरा एकदाही वळवला नव्हता. पुढच्या रविवारी पहाटे मी दुकानाची किल्ली घरीच ठेवली आणि कॅमेरा घेऊन पायी निघालो.

वर्धा हे काही पुरातन शहर नाही. नागपूरमधून तोडून हा जिल्हा १८६२ मध्ये वेगळा झाला. मुख्य ठाणं आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या लहानशा वस्तीच्या जागी नवं शहर आखायला घेतलं, ते वर्धा. म्हणून इथले जुने रस्ते सरळ आणि रुंद आहेत. जुन्या गावात गल्ली वळते आणि वळणावर घर अचानक समोर येतं. वर्ध्याच्या जुन्या भागात घर लांबूनच दिसायला लागतं. याचा फोटो काढणाऱ्याला फायदा असतो. मागं सरकायला जागा मिळते, त्यामुळे कॅमेरा वर न तिरपवता अख्खं घर चौकटीत घेता येतं आणि खांब सरळ राहतात. कॅमेरा वर तिरपवला की खांब एकमेकांकडे झुकतात, घर मागं पडतंय असं दिसतं. पहिली दोन वर्षं माझे बहुतेक फोटो असे मागं पडणारे आहेत.

शहर वाढलं ते रेल्वे आणि कापसामुळे. मुंबईहून येणारी लाइन १८६७ मध्ये नागपूरला पोचली आणि वर्धा तिच्यावर आलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव नुकतेच चढून गेले होते, आणि हिंगणघाटच्या कापसाला तर लिव्हरपूलच्या बाजारात स्वतःच्या नावानं ओळख होती. कापसाच्या गाठी गेल्या आणि परतीच्या गाडीनं लोखंड आलं. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव इथल्या जुन्या घरांत मान वर करून पाहिलं की ते लोखंड भेटतं. पुष्कळ ठिकाणी दारावर किंवा सज्जाखाली लाकडी तुळईऐवजी चक्क रेल्वेच्या रुळाचा तुकडा घातलेला असतो. रुळाच्या मधल्या पट्टीवर तो बनवणाऱ्या कारखान्याचं नाव आणि साल उठावात असतं. रंगाचे थर कमी असतील तर बॅटरीचा उजेड बाजूनं धरला की ते वाचता येतं. घर त्या सालाआधीचं नाही, एवढं तरी त्यावरून पक्कं होतं. रूळ आधी लाइनवर झिजतो, मग मोडीत निघतो आणि मग घराला लागतो. तेव्हा घर त्यानंतर दहा-वीस वर्षांनीही बांधलेलं असू शकतं. एका हातानं बॅटरी आणि दुसऱ्या हातानं कॅमेरा धरून मी अशी कितीतरी सालं टिपून ठेवली आहेत.

तसेच कवेलू, म्हणजे छपराची कौलं. आपल्याकडे देशी कवेलू म्हणजे कुंभाराच्या हातचं, अर्धगोल, आणि इंग्रजी कवेलू म्हणजे साच्यातलं, चपटं, खाचेत खाच बसणारं. मंगळूरला बाझल मिशननं या साच्याच्या कवेलूचा कारखाना १८६५ मध्ये काढला. पुढे रेल्वेच्या जाळ्याबरोबर ती पद्धत दूरदूर गेली. या कवेलूच्या पोटावरही कारखान्याचा शिक्का असतो, पण तो छपराच्या आतल्या अंगाला. म्हणून घरात शिरल्याशिवाय दिसत नाही. आणि घरात शिरायचं तर विचारावं लागतं.

हे विचारणं शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. कॅमेरा घेतलेला अनोळखी माणूस दारासमोर रेंगाळला की लोकांच्या मनात पहिली शंका येते रस्ता रुंदीकरणाची, दुसरी बिल्डरची आणि तिसरी भाऊबंदकीतल्या कोर्टकचेरीची. तिन्ही शंका खऱ्या अनुभवातून आलेल्या असतात. आता मी कॅमेरा पिशवीतच ठेवून आधी ओसरीवर, आपल्या भाषेत सपरीवर, बसतो. पाणी मागतो. घर कोणी बांधलं ते विचारतो. बहुतेक ठिकाणी अर्ध्या तासानं घरातलंच कोणीतरी म्हणतं, “मागची न्हाणी पाहाची राह्यली तुमची, चला.” तेव्हा कॅमेरा बाहेर काढतो. रस्त्यावरून दिसतो तो घराचा चेहरा. घरातल्या माणसांचे हात रोज जिथं लागतात त्या जागा आत असतात: कडी-कोयंड्याभोवती काळं तुळतुळीत झालेलं लाकूड, देवळीच्या वर दिव्यानं धरलेली काजळी, माडीवर जाणाऱ्या जिन्याचा तळव्यांनी गुळगुळीत झालेला दोर. माझ्या वहीत या फोटोंना मी ‘हातांच्या जागा’ म्हणतो.

पण ही समज उशिरा आली. आधीची पाच-सहा वर्षं मी पडझडीच्या मागे होतो. भिंतीतून निघालेली पिंपळाची मुळं, पोपडे सुटलेला निळा रंग, छप्पर बसलेलं घर, त्याच्या दारातून दिसणारं आकाश. असे फोटो लोकांना आवडत. मलाही आवडत. वाटे, जुनं म्हणजे हेच.

मग एक गोष्ट घडली, ती आजही सांगताना जड जाते. एका प्रदर्शनासाठी मी काही फोटो पाठवले होते. त्यात एका राहत्या घराची मागची भिंत होती. पावसाळ्यात तिचा एक कोपरा ढासळला होता आणि मला ती आकारानं सुंदर वाटली होती. फोटोखाली काय लिहायचं हे मी कळवलं नाही. लावणाऱ्यांनी त्याखाली ‘उजाड वाडा’ असं छापलं. प्रदर्शनाची बातमी फोटोसकट छापून आली. त्या घरात तेव्हा मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होती. पाहुण्यांकडच्या कोणीतरी बातमी पाहिली आणि विचारलं, तुमचं घर उजाड आहे का? मुलीचे वडील माझ्या दुकानात आले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “भाऊ, त्या भिंतीमागं आमी झोपतो.”

बोलणी पुढे सुरळीत पार पडली आणि त्या लग्नाचे फोटो मीच काढले, पैसे न घेता. पण त्यांचं वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. तेव्हापासून माझा एक नियम आहे. फोटोची पहिली प्रत घरच्यांना द्यायची, त्याखाली काय लिहिणार ते त्यांना वाचून दाखवायचं आणि त्यांनी मान डोलावल्याशिवाय तो कुठेही पाठवायचा नाही.

त्याच वर्षी, पोळा होऊन गेल्यावर, सेलूकडच्या एका खेड्यात मला एक आजी भेटली. रस्त्याकडेला दोन घरं होती. एक पडकं, कोणी राहत नसलेलं; त्याच्या कुडातून तुराट्या आणि पऱ्हाट्या बाहेर आल्या होत्या. दुसरं तिचं, नुकतंच लिंपलेलं. मी तिपाई लावली ती पडक्या घरासमोर. ती हातात मातीनं भरलेलं घमेलं घेऊन उभी होती. थोडा वेळ तिनं पाहिलं आणि म्हणाली, “काहून जी, पडलेल्या भितीचाच फोटो काढता? मी काल लिंपली, ते नाही दिसत का तुमाले?”

मी तिपाई उचलून तिच्या भिंतीसमोर नेली. दुपारचं ऊन होतं, भिंत एकसारखी पिवळसर दिसत होती, फोटोत काहीच येत नव्हतं. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, “सकाळी ये. सकाळी दिसते.” दुसऱ्या दिवशी पहाटे मी वर्ध्याहून पुन्हा गेलो. सूर्य वर आला आणि तिरप्या उजेडात तिची बोटं मला पहिल्यांदा दिसली. डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या कमानी, एकावर एक, मासोळीच्या खवल्यांसारख्या. प्रत्येक कमान तिचा हात पोचेल तेवढीच रुंद. खाली जमिनीलगत कमानी आखूड होत्या, कारण तिथं ती उकिडवी बसली असणार. दाराच्या डाव्या अंगाला, खांद्याच्या उंचीवर, एका जागी तळवा दाबलेला होता. उठताना आधार घेतला असेल. त्या एका भिंतीचे मी छत्तीस फोटो काढले, अख्खा रोल.

त्यानंतर मी सेवाग्रामला गेलो. आपल्या घरापासून आठ किलोमीटरवर असलेल्या जागी माणूस पाहुणे आले की जातो, तसा मीही आजवर जात आलो होतो. या खेपेला भिंती पाहायला गेलो. गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेर शेगावला राहायला आले. गावाचं सेवाग्राम हे नाव १९४० मधलं. त्यांच्यासाठी पहिल्यांदा आदिनिवास हे जे घर उभं राहिलं, ते भोवतालच्या मालानं, गावच्याच मजुरांकडून आणि ५०० रुपयांच्या आत बांधायचं, अशी त्यांची अट होती, असं आश्रमात सांगतात. माती, बांबू, लाकूड, वर देशी कवेलू. पुढे ते जिथं राहिले त्या बापू कुटीच्या भिंतीवर त्यांच्या शिष्या मीराबेन यांनी मातीतच उठावानं ताडाची झाडं, मोर आणि ॐ काढले आहेत. कुटीच्या आत मी कॅमेरा पिशवीतच ठेवतो. तिथं बसून राहावंसं वाटतं.

त्या दिवशी बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आलं की समोरची ही भिंत गांधीजींच्या काळापासून आहे, असं आपण म्हणतो, पण माती इतकी वर्षं आपल्या बळावर टिकत नाही. एक पावसाळा तिला सैल करतो, दुसरा खाली आणतो. ती उभी आहे, कारण दर वर्षी कोणीतरी तिला लिंपतं, पावसाळ्याआधी कोणीतरी छपरावर चढून कवेलू फेरतं, फुटकी काढून नवी बसवतं. त्या जागी तेव्हापासून खरोखर अखंड चालत आलेलं काही असेल, तर ते हे काम आहे. दगडाच्या इमारतीला आपण जुनी म्हणतो तेव्हा तिचं वय मोजतो. मातीच्या घराला जुनं म्हणतो तेव्हा त्याला राखणाऱ्यांची रांग मोजायला हवी.

याच्या अगदी उलट अनुभव पवनारचा. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्यानं निघालं की धाम नदीच्या काठी विनोबांचा परमधाम आश्रम आहे. विनोबा तिथं १९३८ मध्ये आले. आश्रमाची जमीन खणताना वाकाटक काळातली शिल्पं निघाली. दीड हजार वर्षांपूर्वीची. त्यांतलं भरत-रामभेटीचं शिल्प तिथं देवळात आहे आणि बाकीची आश्रमाच्या भिंतीत बसवलेली आहेत. नागपूर विद्यापीठानं १९६७ मध्ये पवनारला उत्खननही केलं. दगड कोणाला लिंपावा लागला नाही. मातीखाली तो शतकानुशतकं पडून राहिला आणि पुन्हा वर आला. त्या शिल्पांचे फोटो काढताना मला घाई वाटत नाही. आज नाही तर पुढच्या वर्षी काढता येतील. शेजारच्या गावातल्या मातीच्या घराचं तसं नाही. तिथं पुढच्या वर्षी लिंपणारं कोणी असेल का, हा प्रश्न दर वेळी बरोबर असतो. म्हणून माझे पाय आता आधी तिकडे वळतात.

शहरातल्या इमारतींकडे पाहण्याची माझी नजरही यानं बदलली. आधी मी रस्ता रिकामा होईपर्यंत थांबत असे. माणूस मध्ये आला की फोटो बिघडला, असं वाटे. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर टिपताना मी पहिल्यांदा याच्या उलट वागलो. हे मंदिर जमनालाल बजाजांनी जुलै १९२८ मध्ये त्या काळी अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्यांसाठी खुलं केलं. ज्या दाराचं मोठेपण कोण आत जाऊ शकतं यात आहे, त्या दाराचा रिकामा फोटो काढून काय सांगणार? मी उंबरठ्यापासून दोन हातांवर, जमिनीलगत कॅमेरा ठेवला आणि माणसं येण्याची वाट पाहिली. चपला बाहेर काढून येणारी पावलं, पैंजणांची, भेगाळलेली, शाळेचे मोजे घातलेली. त्या फोटोंत मंदिर जवळजवळ नाहीच. तरी मंदिराचे मी काढलेले सगळ्यांत खरे फोटो तेच आहेत.

जिथं पावलं थांबली आहेत, अशाही जागा आहेत. पुलगाव ते आर्वी ही ७६२ मिलिमीटर रुंदीची नॅरोगेज लाइन. १९१७ मध्ये सुरू झाली, आता बंद आहे. तिच्या कडेनं मी तुकड्यातुकड्यानं चाललो आहे. हिंगणघाट आणि पुलगावला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापडगिरण्या निघाल्या होत्या. तिथल्या जुन्या भागात आजही म्हातारी माणसं भोंग्याच्या वेळेवरून दिवस सांगतात. अशा ठिकाणी गंजलेलं लोखंड आणि वाढलेलं गवत टिपणं सोपं आहे. मी आता तिथंही आधी हातांच्या जागा शोधतो. तिकिटाच्या खिडकीची झिजलेली कड, जिनिंगच्या फाटकावर हमालांची पाठ टेकून टेकून गुळगुळीत झालेली दगडी चौकट. काम बंद पडलं तरी कामाची खूण तिथं असते, आणि ती त्या माणसांची असते.

कॅमेरा घेऊन नव्यानं चालू लागलेल्या पोरांना मी थोडंच सांगतो. एका दिवसात एकच गल्ली घ्या, तीही दोन्ही बाजूंनी. आधी अख्खं घर, मग दार, मग लाकडाचा किंवा विटेचा एखादा सांधा, मग हाताची जागा. बारीक गोष्टीशेजारी फूटपट्टी ठेवून एक फोटो घ्या, म्हणजे उद्या एखाद्या सुताराला तीच झालर कातायची झाली तर माप मिळेल. कुंडी, सायकल, वाळत घातलेले कपडे हलवू नका. लाकडाच्या नक्षीला आषाढातलं ढगाळ आभाळ चांगलं, मातीला हिवाळ्यातली सकाळ. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा आठ वाजता घरी परतायचं. आणि वहीत तारीख, गल्ली आणि भिंतीचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते त्याच दिवशी लिहायचं.

सेलूकडच्या त्या घरी मी दर वर्षी जातो. पोळा आणि दिवाळीच्या मध्ये, लिंपण झालं की. तीच भिंत, तीच वेळ, तिपाई त्याच दगडावर. एक प्रत माझी, एक आजीची. तिनं तिच्या प्रती पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या आणि कोणत्या वर्षी पाऊस कसा झाला ते लिंपणाच्या जाडीवरून ती मला सांगत असे.

दोन वर्षांपूर्वी गेलो, तेव्हा आजी नव्हती. चैत्रात गेली, असं सुनेनं सांगितलं. घर आता सिमेंटचं करणार असाल, असं मी म्हणालो. ती म्हणाली, “समोरचं करू. हे भित ठेवली.” मुक्काम गावातच केला. सकाळी ऊन आलं आणि मी कॅमेऱ्यातून पाहिलं. काहीतरी वेगळं दिसत होतं, पण काय ते लगेच कळेना. माती तीच, रंग तोच, कमानी तशाच खवल्यांसारख्या. मग लक्षात आलं. त्या उजवीकडून डावीकडे जात होत्या.

सून दारात उभी होती. मी कॅमेऱ्यामागचा पडदा तिला दाखवला, बोटानं रेघांची दिशा दाखवली. ती थोडा वेळ पाहत राहिली आणि मग आपला हात पदराला पुसत म्हणाली, “मी डावरी आहो नं.”

मी फोटो काढला. वहीत तारीख लिहिली, भिंतीचं तोंड दक्षिणेला, असं लिहिलं. त्याखाली, आजीच्या वेळेस कधी लिहिलं नव्हतं ते लिहिलं: डावा हात.